जंगल राहिले ते रुपयामुळे का?

२०१९ साली देशातल्या दहा व्याघ्र प्रकल्पांची आर्थिक किंमत काढणारा एक अहवाल प्रसिद्ध झाला. मेळघाट त्या दहांपैकी एक. भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेच्या प्रा. मधु वर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणासाठी केलेले हे काम. त्यातला सर्वांच्या तोंडी झालेला आकडा असा, की प्रकल्पाच्या व्यवस्थापनावर खर्च होणाऱ्या एका रुपयामागे प्रकल्पागणिक सुमारे ३५० ते ७,५०० रुपयांचे लाभ मिळतात. असा परतावा जगातल्या कुठल्याही धंद्यात नाही. तो अक्षरशः खरा असता तर अर्थ मंत्रालयाने बाकीची सगळी खाती गुंडाळून वाघांवरच पैसा लावायला हवा होता. तसे कोणी केले नाही, कोणी मागितलेही नाही. आकडा वाचणाऱ्याला आतून कुठेतरी कळतेच, की इथे काहीतरी निसटते आहे.

निसटते ते असे. जंगल पाणी धरून ठेवते, माती अडवते, कार्बन साठवते, परागीभवन करणाऱ्या कीटकांना आसरा देते. या सगळ्याची वर्षाची किंमत काढली आणि तिला व्यवस्थापनाच्या वर्षाच्या खर्चाने भागले. भागाकारात चूक नाही. पण तो रुपया खर्चला नसता तर त्याच वर्षी मेळघाटातले पाणी, माती आणि कार्बन सगळेच्या सगळे नाहीसे झाले असते, असे धरल्याशिवाय त्या भागाकाराला परतावा म्हणता येत नाही. जंगलाची किंमत किती हा एक प्रश्न. प्रकल्पाने त्यात किती भर घातली किंवा किती घट रोखली हा अगदी वेगळा. संवर्धनाच्या अर्थशास्त्राने आपली बहुतेक बुद्धी कित्येक दशके पहिल्या प्रश्नावर खर्च केली आणि दुसऱ्याकडे ते फार उशिरा वळले. आपल्याकडे तर पहिल्याची उत्तरे सर्रास दुसऱ्याच्या जागी खपवली जातात.

पहिल्या प्रश्नाची कहाणी मात्र सुरस आहे. १९४७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान खात्याला आपल्या उद्यानांचा लाभ पैशांत मांडायचा होता. अर्थतज्ज्ञ हॅरॉल्ड हॉटेलिंग यांनी एका पत्रात तोडगा सुचवला. उद्यानाला तिकीट नसले तरी माणूस तिथवर पोचायला पदरमोड करतोच. जवळून किती येतात आणि लांबून किती, हे मोजले की लोकांच्या लेखी त्या जागेची किंमत काय हे काढता येते. प्रवासखर्चाची ही पद्धत आजही वापरात आहे. पण जो माणूस ताडोबाला कधीच जाणार नाही आणि तरीही ताडोबा असावा असे ज्याला वाटते, त्याच्या भावनेचे काय? त्याला सरळ विचारायचे, बाबा रे, किती देशील? मुंबईत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानासाठी असा अभ्यास झाला आणि १९९७ साली तो प्रसिद्ध झाला. उद्यानाची देखभाल व्हावी म्हणून मुंबईकर कुटुंब सरासरी महिन्याला साडेसात रुपये द्यायला राजी होते. ऐकायला किरकोळ रक्कम. मुंबईतल्या घरांच्या संख्येने गुणली की कोटींत जाते.

या पद्धतीची गोची एका प्रयोगाने चव्हाट्यावर आणली. १९८९ साली अलास्काच्या किनाऱ्यावर एक्सॉन व्हाल्डीझ या जहाजातून तेल सांडले आणि नुकसानभरपाईचा वाद पेटला. त्या वादाच्या काळात अमेरिकेतल्या लोकांना विचारले गेले, की तेलाच्या उघड्या डबक्यांत पडून मरणारे स्थलांतरित पक्षी वाचवायला तुम्ही किती द्याल? एका गटाला सांगितले २,००० पक्षी वाचतील, दुसऱ्याला २०,०००, तिसऱ्याला २,००,०००. उत्तरे आली ८० डॉलर, ७८ डॉलर, ८८ डॉलर. पक्षी शंभरपट झाले तरी रक्कम जवळपास जागची हलली नाही. लोक पक्ष्यांची किंमत सांगत नव्हते, स्वतःच्या चांगुलपणाची सांगत होते. केनेथ ॲरो आणि रॉबर्ट सोलो या दोन नोबेलविजेत्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९९३ साली तरीही या पद्धतीला अटी घालून हिरवा कंदील दाखवला. त्या अटी पाळून केलेली पाहणी खर्चिक होते, त्यामुळे त्या पाळल्या गेल्यापेक्षा मोडल्याच जास्त गेल्या.

१९९७ सालीच रॉबर्ट कोस्टान्झा आणि सहकाऱ्यांनी अख्ख्या पृथ्वीच्या परिसंस्थांची वर्षाची सेवा ३३ लाख कोटी डॉलरची असल्याचे जाहीर केले. तेव्हाच्या साऱ्या जगाच्या उत्पन्नाहून हा आकडा मोठा होता. टीका झाली ती आकडा फुगवल्याची नव्हे, प्रश्नच चुकल्याची. निसर्गाशिवाय माणूस जगूच शकत नाही, मग सगळ्या निसर्गाची किंमत विचारण्यात काय हशील? किंमत विचारायची ती बदलाची: हे खाजण भरले तर काय जाईल, तो डोंगर पोखरला नाही तर काय राहील.

भारतात या विद्येला कायद्याचे बळ मिळाले ते न्यायालयामुळे. टी. एन. गोदावर्मन तिरुमलपाड यांच्या गाजलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली ठरवले, की वनजमीन खाण, धरण किंवा रस्त्यासाठी वळवायची तर जंगलाचे निव्वळ वर्तमान मूल्य वळवणाऱ्याने भरावे. अर्थतज्ज्ञ कांचन चोप्रा यांच्या समितीने गणिताची चौकट मांडली. २००८ साली न्यायालयाने हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख रुपये असे दर मान्य केले. अभयारण्यात त्याच्या पाचपट, राष्ट्रीय उद्यानात दहापट. २०२२ साली दर वाढून सुमारे ९.५८ लाख ते १५.९६ लाखांवर गेले. जंगल फुकट नाही एवढे तरी या दरांनी खाण कंपन्यांच्या गळी उतरवले, हे श्रेय मोठे आहे. पण हिशेब धरला वीस वर्षांचा. एकविसाव्या वर्षी तिथले झरे आटतात का, हे विचारायची सोय त्यात नाही.

काळाचा हा मामला एकूणच नाजूक. पन्नास वर्षांनी मिळणाऱ्या शंभर रुपयांची आजची किंमत वर्षाला ३ टक्के सूट धरली तर सुमारे २३ रुपये, ५ टक्के धरली तर पावणेनऊ, आणि १० टक्के धरली तर एक रुपयाही नाही. देवराई राखण्याचा प्रस्ताव फायद्याचा की तोट्याचा हे पुष्कळदा देवराईवर ठरत नाही, या एका टक्केवारीवर ठरते, आणि ती टक्केवारी अहवालाच्या परिशिष्टात कुठेतरी दडलेली असते.

आता दुसरा प्रश्न. २००६ साली पॉल फेरारो आणि सुभ्रेंदु पट्टनायक यांनी एका लेखात संवर्धनवाल्यांना जवळजवळ दरडावूनच विचारले: औषधाची, शाळेच्या जेवणाची, रोजगार योजनेची परिणामकारकता आपण तपासतो; जैवविविधतेवर ओतलेल्या पैशाची का नाही? लेखाचे शीर्षक पैसे फुकट गेले की काय अशा अर्थाचे होते आणि ते अनेकांना झोंबले. त्यांचे म्हणणे साधे होते. प्रकल्प झाल्यावर काय दिसते एवढे सांगून भागत नाही. प्रकल्प झाला नसता तर काय दिसले असते, याचा विश्वासार्ह अंदाज समोर ठेवावा लागतो. न घडलेली गोष्ट मोजायची म्हणजे तिच्यासारखी दुसरी शोधायची. संवर्धनात तशी दुसरी शोधणे अवघड, कारण अभयारण्ये चिठ्ठ्या टाकून निवडलेली नसतात.

ती कुठे असतात ते ल्युकस जोप्पा आणि अलेक्झांडर फाफ यांनी २००९ साली जगभरचे नकाशे तपासून दाखवले. संरक्षित क्षेत्रे उंचावर, चढावर, रस्त्यांपासून आणि शहरांपासून लांब असतात. म्हणजे नेमकी जिथे कोणी नांगर घालायला जाणार नव्हते तिथे. हुशार मुलांनाच प्रवेश देणाऱ्या शाळेने शंभर टक्के निकालाचा फलक लावावा, तसाच हा प्रकार. कोस्टारिकात क्वॉ अँडम, फेरारो आणि सहकाऱ्यांनी संरक्षित जंगलाची तुलना उतार, माती, रस्त्यापासूनचे अंतर यांत त्याच्याशी जुळणाऱ्या असंरक्षित जंगलाशी केली. २००८ साली आलेला त्यांचा निष्कर्ष असा, की संरक्षण नसते तर त्या जंगलापैकी सुमारे दहा टक्केच तुटले असते. नुसती आतल्या-बाहेरच्या जंगलाची तुलना करणाऱ्या जुन्या पद्धती हा परिणाम कितीतरी फुगवून सांगत होत्या. दहा टक्के म्हणजे शून्य नव्हे. पण शंभरही नव्हे, आणि आपल्या अहवालांतले भागाकार शंभर धरून चाललेले असतात.

आधी आणि नंतरची तुलना तर याहून फसवी. महाराष्ट्राला हे जलयुक्त शिवार योजनेने शिकवायला हवे होते. लागोपाठच्या दुष्काळांनंतर २०१६ साली पाऊस बरा झाला, विहिरी भरल्या आणि श्रेय नाला खोलीकरणाला गेले. २०२० साली महालेखापरीक्षकांनी ९,६३३ कोटी रुपयांहून अधिक खर्चाच्या या योजनेचा भूजल वाढवण्यावर फारसा परिणाम दिसत नसल्याचे लिहिले, तेव्हा वाद लगेच राजकीय झाला. त्यात कुणाची बाजू घेण्याचा इथे विषय नाही. पण योजनेतले गाव आणि तितकाच पाऊस पडलेले, तशाच खडकावरचे, योजनेबाहेरचे गाव अशी जोडी पहिल्या दिवसापासून लावून ठेवली असती, तर भांडायचे तरी पुराव्यावर भांडता आले असते.

चिठ्ठ्या टाकून केलेला प्रयोगही झाला आहे, युगांडात. सीमा जयचंद्रन आणि सहकाऱ्यांनी १२१ गावे घेतली; त्यांतल्या ६० गावांत जंगल असलेल्या शेतकऱ्यांना झाड न तोडल्याबद्दल हेक्टरी वर्षाला ७०,००० युगांडा शिलिंग, म्हणजे तेव्हाचे सुमारे २८ डॉलर, दोन वर्षे देऊ केले. पात्र शेतकऱ्यांपैकी तिसरा हिस्साच सामील झाला. तरीही २०१७ साली आलेल्या निकालात बाकीच्या गावांतले वृक्षाच्छादन ९.१ टक्क्यांनी घटलेले दिसले, तर पैसे देऊ केलेल्या गावांत ४.२ टक्क्यांनी. ज्यांना पैसे दिले त्यांतले काही जण एरवीही झाडे तोडणार नव्हते, त्यांचे पैसे एका अर्थी वाया गेले. ते वाया गेलेलेही खर्चात धरून कार्बन उत्सर्जन लांबल्याचा फायदा काढला, तर तो खर्चाच्या २.४ पट भरला. ३५० पट नव्हे, ७,५०० पट तर नव्हेच. माझ्या मते हा २.४ चा आकडा त्या हजारांच्या आकड्यांपेक्षा संवर्धनाच्या जास्त कामाचा आहे. अर्थखात्यातला कोणीही तो हसण्यावारी नेऊ शकत नाही.

भारतातले दोन अभ्यास इथे सांगायलाच हवेत. ई. सोमनाथन, आर. प्रभाकर आणि भूपेंद्रसिंह मेहता यांनी २००९ साली उत्तराखंडातल्या वनपंचायतींची जंगले उपग्रहचित्रांवरून शेजारच्या सरकारी जंगलांशी ताडून पाहिली. गावाने राखलेले जंगल सरकारी जंगलापेक्षा वाईट नव्हते, कदाचित थोडे बरेच होते, आणि त्याचा हेक्टरी खर्च सरकारी खर्चाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास होता. लाभ सारखा आणि खर्च दहावा, यापलीकडे अर्थशास्त्राने सांगायचे ते काय? गडचिरोलीतल्या मेंढा-लेखासारख्या गावांना २००९ पासून सामूहिक वनहक्क मिळू लागले, तेव्हा असाच अभ्यास तिथे मांडण्याची संधी महाराष्ट्राकडे चालून आली होती. दुसरा अभ्यास हिमाचलच्या कांगडा जिल्ह्यातला, २०२१ सालचा. तिथे दशकानुदशके सरकारी वृक्षलागवड झाली. एरिक कोलमन, फॉरेस्ट फ्लाइशमन आणि सहकाऱ्यांना लागवडीमुळे वृक्षाच्छादन वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. गुरांना चारा आणि घराला सरपण देणारी रुंद पानांची झाडे उलट थोडी कमी झालेली दिसली.

हे वाचून ३३ कोटी आठवणे अपरिहार्य आहे. २०१६ साली दोन कोटी, मग चार, मग तेरा आणि २०१९ साली तेहतीस कोटी रोपे: महाराष्ट्राची ही मोहीम रोपांच्या संख्येवर चालली आणि पुढे चौकशीच्या मागणीत अडकली. वादही रोपे जगली किती यावरच राहिला. जगलेले रोप तरी कुठे लावले होते? सोलापूर-नगरच्या माळरानावर दाट झाडे लावणे म्हणजे माळढोकाचे, काळविटाचे आणि मेंढपाळाचे घर मोडणे. तिथे शंभर टक्के रोपे जगली तर तो शंभर टक्के तोटा, आणि लागवडीच्या रजिस्टरात तो फायदा म्हणून चढतो. पर्यायी वनीकरणाचेही तेच. महालेखापरीक्षकांच्या २०१३ सालच्या अहवालानुसार २००६ ते २०१२ या काळात वळवलेल्या जंगलाच्या बदल्यात १,०३,३८२ हेक्टर बिगरवन जमीन मिळायला हवी होती. मिळाली २८,०८६ हेक्टर, आणि झाडे लागली जेमतेम ७,२८१ हेक्टरांवर. पर्यायी वनीकरणाच्या निधीतले ४७,४३६ कोटी रुपये केंद्राने २०१९ साली राज्यांकडे वळते केले. इतका पैसा हाताशी असताना त्यातला एक टक्का जरी काटेकोर तुलनेसाठी बाजूला ठेवला असता, तर जगातला सर्वांत मोठा वनीकरण प्रयोग आपल्या नावावर लागला असता.

माळढोकाचा विषय निघालाच आहे तर खर्चाकडे वळू, कारण हिशेबाची ही बाजू लाभाच्या बाजूहून जास्त दुर्लक्षित आहे. १९७९ साली सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातले ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र माळढोक अभयारण्य म्हणून जाहीर झाले. मुंबई शहर आणि उपनगरांच्या क्षेत्रफळाची ही चौदापट. आत गावे होती, बाजारपेठा होत्या, बागायती होती. सरकारच्या दृष्टीने अभयारण्य स्वस्तात पडले: राजपत्रातली एक अधिसूचना, थोडे कर्मचारी, नान्नजसारख्या ठिकाणी राखलेले गवताचे तुकडे. जमीन विकत घ्यावी लागली नाही, भाडे द्यावे लागले नाही. खर्च झाला तो शेतकऱ्याच्या खात्यावर. जमिनीचे व्यवहार, बिगरशेती परवाने, रस्त्यांची कामे अडकू लागली आणि माळढोक हा लोकांच्या लेखी पक्षी न राहता सात-बाऱ्यावरचा बोजा झाला. त्याच सुमारास उजनीचे पाणी आले आणि जिथे पाणी पोचले तिथला माळ उसाखाली गेला. एक अंडे उघड्या जमिनीवर घालणाऱ्या या पक्ष्याला मोकळे गवत लागते. त्याला कागदावरचे आठ हजार चौरस किलोमीटर नको होते, खरे पाच-पंचवीस पुरले असते. २०१२ साली अभयारण्य १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. तोवर माळढोक एखादादुसरा दिसला तर बातमी होण्याइतका दुर्मीळ झाला होता.

अभयारण्य नसते तर पक्षी आणखी आधी गेला असता का? असेलही. पण तेवढाच भार लोकांवर टाकण्याऐवजी मोजके माळ भाड्याने घेतले असते, गवत राखणाऱ्याला एकरी रक्कम दिली असती, तर काय झाले असते, ही तुलना कोणत्याच कागदावर मांडली गेली नाही. फुकटचे संरक्षण म्हणजे ज्याचे बिल दुसऱ्याच्या नावावर फाटते असे संरक्षण. ताडोबाच्या पश्चिम हद्दीवरच्या शेतांत मिलिंद वाटवे आणि सहकाऱ्यांनी हे बिल मोजायचा प्रयत्न केला. जंगलापासून जसजसे लांब जावे तसतसे पिकाचे उत्पन्न वाढते, आणि डोळ्यांना दिसणाऱ्या नासाडीचा पंचनामा हे खरे नुकसान पुरते पकडत नाही. रोही आणि रानडुकरे शेतात पडली की काय गेले ते पंचनाम्यात येते. रात्रीची जागल, सोडून दिलेले हरभऱ्याचे पीक, पडीक टाकलेला बांधाकडचा तुकडा यांचा रकाना त्यात नसतो. वाटवे यांनी मग नुकसान मोजण्याऐवजी उत्पन्नच मोजा आणि त्यावर आधार व बक्षीस द्या, अशी पद्धत सुचवून काही गावांत करून पाहिली. वाघाच्या हल्ल्यात माणूस गेला तर महाराष्ट्रात २०२३ पासून वारसांना २५ लाख रुपये मिळतात. व्याघ्र प्रकल्पाच्या लाभाच्या रकान्यात हजारो कोटी लिहिताना ही दुसरी पाने त्याच वहीत शिवली पाहिजेत.

हिशेब नीट मांडला तर तो काय दाखवू शकतो, याचे आपल्याकडचे सर्वांत ठसठशीत उदाहरण गिधाडांचे. १९९० च्या दशकात जनावरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक स्वस्त झाले. औषध दिलेले मेलेले जनावर खाऊन गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मरू लागली. कारण २००४ साली सापडले, तोवर नव्वद टक्क्यांहून अधिक पक्षी संपले होते. इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन यांनी जिल्ह्यांची विभागणी केली: मूळचे गिधाडांचे जिल्हे एकीकडे, त्यांना न मानवणारे दुसरीकडे. औषध येण्याआधी दोन्हीकडचे मृत्युदर हातात हात घालून चालत होते. नंतर गिधाडांच्या जिल्ह्यांत माणसांचे मृत्यू चार टक्क्यांहून अधिक वाढले. ढोरफोडीच्या जागी मढी कुजत पडली, कुत्री वाढली, रेबीजच्या लसीची मागणी वाढली, पाणी नासले. २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख जास्तीचे मृत्यू, असा त्यांचा २०२४ साली प्रसिद्ध झालेला अंदाज आहे.

इथेही पहिला आणि दुसरा प्रश्न अलगच ठेवायला हवेत. पाच लाख मृत्यू ही गिधाड नसण्याची किंमत झाली. पिंजोरच्या गिधाड प्रजनन केंद्रावरच्या रुपयाने त्यातले किती वाचतील हे त्यातून कळत नाही. २००६ साली डायक्लोफिनॅकच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, मेलॉक्सिकॅम हा निर्धोक पर्याय मिळाला, २०२३ साली किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकवरही बंदी आली. औषधाची बाटली बदलायला तुलनेने नगण्य खर्च येतो. पिंजऱ्यात पिल्ले वाढवायला पुष्कळ, आणि सोडल्यावर ती विषारी मढे खाणार नाहीत याची हमी पहिल्या कामाशिवाय मिळत नाही. कुठला रुपया आधी, हे ठरवायला गिधाडाची किंमत कळून उपयोग नाही, दोन कामांची तुलना लागते. न्यूझीलंडमध्ये लिआना जोसेफ, रिचर्ड मलोनी आणि ह्यू पॉसिंगहॅम यांनी २००९ साली त्यासाठी सरळ सूत्रच मांडले: प्रजातीचे महत्त्व, कामाचा लाभ आणि यशाची शक्यता यांचा गुणाकार, भागिले खर्च. यातून येणारी क्रमवारी कधीकधी निष्ठुर असते. देखणा, लाडका पक्षी खाली जातो आणि कुणाला माहीत नसलेली गोगलगाय वर येते. लोकशाहीत ती जशीच्या तशी स्वीकारावी असे मी म्हणणार नाही. नाकारायची तर कशासाठी नाकारली हे लिहून ठेवावे, एवढेच.

मग तपासणी होत का नाही? पैसा नाही, हे कारण खोटे. खरे कारण असे, की तपासणीतून कोणाचाच तात्काळ फायदा नसतो. वनखात्याला खर्च झाल्याचे दाखवायचे असते, संस्थेला देणगीदाराला यश दाखवायचे असते, देणगीदाराला वार्षिक अहवालात छायाचित्र हवे असते. सरिस्कात २००४ पर्यंत कागदोपत्री डझनाहून अधिक वाघ होते आणि २००५ साली एकही नाही असे जाहीर करावे लागले. ज्याच्या कामाचे माप काढायचे त्याच्याच हातात पट्टी असली की असे होते. त्यानंतर ठशांची पद्धत जाऊन कॅमेरे आले, आणि २००६ सालचे १,४११ ते २०२२ सालचे ३,६८२ ही वाढ आपण जास्त भरवशाने सांगू शकतो. कार्बनच्या बाजारात तर नफ्याचीच गाठ आहे: थेल्स वेस्ट आणि सहकाऱ्यांनी २०२३ साली तीन खंडांतल्या २६ वनरक्षण प्रकल्पांची तपासणी केली, तर बहुतेकांनी जंगलतोड म्हणावी तशी कमी केलेली नव्हती. प्रकल्प नसता तर किती जंगल तुटले असते, हा अंदाज प्रकल्पवाल्यांनीच बांधलेला होता. आपल्या ग्रीन क्रेडिट योजनेच्या २०२४ सालच्या नियमात एका झाडाला एक क्रेडिट होते. झाड कुठले आणि कुठल्या जमिनीवर, हा प्रश्न तिथेही मागाहूनच आला.

सगळेच मोजता येते असा माझा दावा नाही. शेवटच्या काही माळढोकांचे दोन गट पाडून प्रयोग करता येत नाही. वनहक्क हा हक्क आहे, त्यातून जंगल वाढले नाही म्हणून तो काढून घेता येत नाही. पण कोकणच्या किनाऱ्यावर असे एक काम चालू आहे की ज्यात मोजणे शक्यही आहे आणि गरजेचेही.

मंडणगड तालुक्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ सालापासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. पहाटे मादी माघारी गेल्याच्या खुणा वाळूत शोधायच्या, शंभराच्या आसपासची अंडी अलगद काढून कुंपणातल्या हॅचरीत तशाच खोल खड्ड्यात पुरायची, साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्ले वर आली की मोजून समुद्रात सोडायची. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, पर्यटक घराघरांत उतरू लागले, आणि अंडी विकण्यापेक्षा अंडी राखणे गावाला परवडू लागले. किनाऱ्याकिनाऱ्यावर हे काम पसरले. दरवर्षी घरट्यांचा आकडा वाढल्याची बातमी येते. त्यातली वाढ कासवांची किती आणि नव्याने राखल्या गेलेल्या किनाऱ्यांची किती, हे वेगळे काढून कोणी सांगत नाही.

आणि पिल्ले हा आकडा तरी बरोबर आहे का? १९८७ साली डेबोरा क्राउस, लॅरी क्राउडर आणि हॅल कॅसवेल यांनी अमेरिकेतल्या लॉगरहेड कासवांचे गणित मांडले. एकूण एक अंडे वाचवले तरी त्यांची घसरण थांबत नव्हती. थांबत होती ती मोठी होत आलेली कासवे ट्रॉलरच्या जाळ्यात बुडून मरायची वाचली तर. कासवाला बाहेर पडायला वाट ठेवणारे उपकरण जाळ्याला बसवण्याची सक्ती अमेरिकेत झाली, १९९८ साली त्यावरून जागतिक व्यापार संघटनेत भारतासह चार आशियाई देशांचा अमेरिकेशी झगडा निकाली निघाला, आणि २०१९ पासून भारताच्या समुद्रात पकडलेल्या कोळंबीला अमेरिकेची दारे बंद झाली. म्हणजे उपकरण न बसवण्याचीही किंमत आपण मोजतोच आहोत, फक्त ती कासवांच्या खात्यावर लिहिली जात नाही. वेळासचे काम यामुळे फोल ठरते असे मुळीच नाही. गावाचे उत्पन्न आणि किनाऱ्याची राखण हे त्याचे स्वतंत्र फळ आहे. पण कासवांची संख्या वाढली असे म्हणायचे तर समुद्रातल्या जाळ्यापर्यंत जावे लागते.

जाळ्यापर्यंत जाणारी एक योजना महाराष्ट्रात आहेही. डिसेंबर २०१८ पासून मत्स्यव्यवसाय विभाग आणि कांदळवन कक्षाच्या या योजनेत, जाळ्यात अडकलेले कासव, डॉल्फिन किंवा व्हेल शार्क सोडवण्यासाठी जाळे कापले तर मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. कल्पना फार चांगली आहे आणि युगांडाच्या त्या प्रयोगाची चुलत बहीण शोभेल अशी आहे. सोडलेल्या प्राण्यांची यादी ठेवली जाते, छायाचित्रे घेतली जातात. जे यादीत नाही ते असे: छायाचित्र काढायच्या आधीच मेलेली कासवे, भरपाई नसतानाही जाळे कापणारे तांडेल, भरपाई मिळायला लागणाऱ्या हेलपाट्यांना कंटाळून न कळवणारे, आणि एका जाळ्याच्या किमतीत कासवाला वाट देणारी किती उपकरणे बसली असती हा हिशेब. काही बंदरांत आधी योजना, काहींत वर्षभराने, अशी चिठ्ठ्या टाकून सुरुवात केली असती तर एव्हाना यांतल्या निम्म्या गोष्टी कळल्या असत्या. योजनेचा विस्तार करताना, नवी बंदरे जोडताना, अजूनही तसे करता येईल. त्यासाठी लागतील बंदरावर बसून न कापलेली जाळीही मोजणारी दोन-चार माणसे, आणि त्यांच्या पगाराची तरतूद.